हैतीचे थकलेले देणे

प्रति,
सरचिटणीस,
संयुक्त राष्ट्रे, न्यूयॉर्क

महोदय,

ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत पटकीची जी साथ उद्भवली, तिने २०१९ पर्यंत आठ लाखांहून अधिक माणसांना ग्रासले आणि सुमारे दहा हजार जणांचा बळी घेतला. त्याआधी निदान शंभर वर्षे त्या देशात या रोगाची साथ आल्याची नोंद नाही. हा रोग तेथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतून शिरला, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये आता गंभीर मतभेद उरलेला नाही, आणि तरीही ज्या घरांतली माणसे गेली त्या घरांना वैयक्तिक भरपाई मिळालेली नाही. प्रस्तुत पत्र या देण्याविषयी आहे.

पटकी अथवा कॉलरा हा व्हिब्रिओ कॉलरी या जिवाणूमुळे होणारा आतड्यांचा रोग आहे. हा जिवाणू एक विष तयार करतो, ज्याचे अस्तित्व कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार इतक्या वेगाने बाहेर पडतात की उपचाराविना धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो, आणि तेच क्षार-साखरेचे पाणी तोंडावाटे किंवा सलाइन शिरेवाटे वेळेवर मिळाले, तर शंभरात एखादाही रुग्ण सहसा दगावत नाही. बाधिताची विष्ठा दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात किंवा अन्नात मिसळणे हाच या रोगाच्या प्रसाराचा मार्ग असल्याने, पटकीची साथ जेथे पसरते तेथे मैला आणि पाणी वेगळे ठेवण्याची जबाबदारी कोणी तरी टाळलेली असते.

मिरबाले गावाजवळच्या मेय येथील छावणीत नेमके हेच घडले. काठमांडूत पटकीची साथ येऊन गेल्यानंतर लगेचच नेपाळी तुकडी तेथे दाखल झाली; छावणीतील मैलापाण्याची व्यवस्था ढिसाळ होती, आणि तेथील ओढा पुढे ज्या आर्तिबोनित नदीला मिळतो, तिच्याच पाण्यावर खालच्या अंगाची गावे जगत होती. जानेवारी २०१० च्या भूकंपाशी या साथीचा संबंध जोडण्याचे प्रयत्न झाले, पण पहिले रुग्ण भूकंपग्रस्तांच्या वसाहतींत नव्हे, तर नदीकाठच्या गावांत आढळले होते. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन हा माग काढला, आणि २०११ मध्ये हैती व नेपाळ येथील जिवाणूंची जनुकीय रचना जवळजवळ एकसारखी असल्याचे दिसून आले. तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनीच नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये कोणालाही दोषी धरण्याचे टाळले होते. त्याच मंडळाच्या सदस्यांनी २०१३ मध्ये छावणी हाच सर्वाधिक संभाव्य उगम असल्याचे लिहिले. यात नेपाळी सैनिकांचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल, कारण छावणी कशी बांधावी आणि मैला कोठे जावा, हे सैनिक ठरवत नाही.

सैन्याबरोबर पटकीचा प्रवास ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. १८१७ मध्ये पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत बुंदेलखंडात या रोगाने हाहाकार उडवला, आणि पुढच्याच वर्षी तो मुंबईपर्यंत पोहोचला. एकोणिसाव्या शतकातील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदांनी मात्र निर्बंध सुचवताना बोट दाखवले ते मुख्यतः यात्रेकरूंकडे.

कायद्याच्या बाजूने पाहता, १९४६ च्या विशेषाधिकार व संरक्षणविषयक कराराने संघटनेला न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण दिले, पण त्याच कराराच्या २९ व्या कलमाने खासगी स्वरूपाच्या दाव्यांचा निवाडा करण्याची व्यवस्था लावण्याचे बंधनही तिच्यावर घातले. हैती सरकारशी झालेल्या २००४ च्या करारात यासाठी स्थायी दावे आयोगाची तरतूद होती. तो आयोग कधीच स्थापन झाला नाही. सुमारे पाच हजार पीडितांनी २०११ मध्ये दाखल केलेले दावे २०१३ मध्ये, त्यांत राजकीय व धोरणात्मक प्रश्न गुंतलेले आहेत एवढ्या कारणावरून, विचारार्थ घेण्याचेच नाकारले गेले, आणि अमेरिकी न्यायालयांनी संरक्षणाचा मुद्दा मान्य केल्यावर तोही दरवाजा बंद झाला. दूषित पाण्याने झालेल्या मृत्यूत राजकारण कोणते, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. जी संघटना जगभरच्या सरकारांकडे पीडितांसाठी दाद मागते, तिने स्वतःविरुद्धची दाद ऐकण्याची जागाच निर्माण करू नये, ही गोष्ट अक्षम्य आहे.

बान की-मून यांनी डिसेंबर २०१६ मध्ये माफी मागितली, आणि ती स्वागतार्ह होती, जरी तिने साथ आणल्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत स्वीकारली नाही. तिच्यासोबत ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, परंतु हा निधी सदस्य देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर सोडल्यामुळे त्याचा अल्पसा हिस्साच जमा झाला, आणि कुटुंबांना थेट मदत देण्याचा विचार मागे पडून गावपातळीवरील काही कामांवर भागवले गेले.

तीन वर्षांहून अधिक काळ एकही रुग्ण न सापडल्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये, सशस्त्र टोळ्यांनी इंधनाचा पुरवठा रोखल्यामुळे शुद्ध पाणी मिळेनासे झाले असताना, पटकी हैतीत परतली, आणि जनुकीय तपासणीत हा जिवाणू २०१० च्याच वंशातला असल्याचे दिसले. त्याच महिन्यात तोंडावाटे द्यायच्या लसीचा जागतिक साठा इतका अपुरा पडला की दोनऐवजी एकाच मात्रेवर भागवण्याचा निर्णय घ्यावा लागला. लस साथीला काही काळ थोपवते. नळाचे शुद्ध पाणी आणि मैल्याची विल्हेवाट यांची जागा ती घेऊ शकत नाही, आणि हैतीला याच दोन गोष्टींसाठी पैसा हवा होता.

भारत, नेपाळ आणि बांगलादेश हे शांतिसेनेला सर्वाधिक मनुष्यबळ पुरवणाऱ्या देशांपैकी आहेत आणि या तिन्ही देशांत पटकी अजूनही आढळते; म्हणून तुकड्या रवाना होण्यापूर्वीची आरोग्यविषयक खबरदारी आणि प्रत्येक छावणीत मैलापाण्यावर जागच्या जागी प्रक्रिया, या दोन्ही बाबींची स्वतंत्र तपासणी होऊन तिचे निष्कर्ष जाहीर होणे आवश्यक आहे. त्याहून तातडीची बाब म्हणजे हैतीसाठीचा उर्वरित निधी देणग्यांवर न सोडता सदस्य देशांच्या बंधनकारक वर्गणीतून उभारणे, आणि मृतांच्या कुटुंबांचे दावे ऐकण्यासाठी करारात लिहिलेला आयोग प्रत्यक्षात आणणे. हे दोन्ही प्रस्ताव सर्वसाधारण सभेच्या येत्या अधिवेशनात सरचिटणीसांनी स्वतः मांडावेत, ही आग्रहाची विनंती.