गाणं वामनदादांचं, पण पोरांना नावच माहीत नाही!

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत तीन पाटीवर डीजे दणाणत होता. नाचणाऱ्या एका पोराला विचारलं, "गाणं कुणाचं रे?" म्हणाला, "यूट्यूबवरचंय, भाऊ."

गाणं होतं लोककवी वामनदादा कर्डकांचं. आपल्याच जिल्ह्यातला माणूस! १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. शाळेचं तोंड पाहिलं नाही, मुंबईत मजुरी केली, अक्षरओळखही मोठेपणी झाली. १९४३ पासून गाणी रचायला लागले ते १५ मे २००४ ला डोळे मिटेपर्यंत. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत बाबासाहेब पोहोचवले ते या माणसाच्या गळ्यानं.

काही जण म्हणतील, गाणं वाजतंय ना, मग नाव कशाला? मला हे पटत नाही. दादांचं गाणं नाचण्यापुरतं नव्हतंच. कष्टकऱ्याच्या हिश्श्याचा जाब विचारणारं होतं ते. डीजेत ठेका उरतो, शब्द बुडतात. आणि शब्द बुडाले की प्रश्नही बुडतो.

मंडळांना हात जोडून सांगणं एवढंच: पुढच्या वर्षी अर्धा तास डीजे बंद ठेवा. ढोलकी, पेटी आणि गावातला एखादा जुना गायक बोलवा. पोरांना शब्द ऐकू द्या.

पटलं तर मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, चालेल!