मिक्सर कुणाचा, जळणारे स्पीकर कुणाचे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मंगल कार्यालये, शादीखाने आणि लॉन यांच्याबरोबर ध्वनियंत्रणेचा धंदाही वाढला आहे. आपल्या समाजातील तरुणही त्यात आहेत. कुणी हॉल चालवतो, कुणी मंडपाबरोबर साउंड पुरवतो, कुणी नुसता मिक्सर व लॅपटॉप घेऊन डीजे म्हणून जातो. या धंद्यात एक भांडण नेहमीचे. हॉलची यंत्रणा मालकाची, मिक्सर पाहुण्या डीजेचा. वलीमा आटोपतो आणि दुसऱ्या दिवशी कळते की वरचे दोन टॉप मुके झाले आहेत. मालक म्हणतो, डीजेने जाळले. डीजे म्हणतो, माल जुनाच होता. भरपाई कुणीच करत नाही आणि संबंध तुटतात.

आमचे मत स्पष्ट आहे. डीजेच्या हाती दिलेली हॉलची यंत्रणा ही अमानत आहे. पण अमानत सोपवणाऱ्यानेही कुलूप लावायचे असते. जबाबदारी दोघांची आहे आणि ती मिक्सर निवडण्यापासून सुरू होते.

मिक्सर घेताना आमचे तरुण इफेक्टची बटणे मोजतात. त्याआधी पाठीमागची बाजू पाहावी. मास्टर आउटपुट एक्सएलआर, म्हणजे बॅलन्स्ड आहे काय? लांब केबलवर जनरेटर व लाइटिंगची घरघर त्यानेच कमी होते. डीजेच्या स्वतःच्या मॉनिटरसाठी वेगळा बूथ आउटपुट आहे काय? तो नसेल तर स्वतःला ऐकू यावे म्हणून डीजे मास्टर वाढवतो आणि भार हॉलच्या स्पीकरवर पडतो. प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र ट्रिम व स्वतंत्र मीटर हवा. माइकला वेगळा टोन कंट्रोल हवा, कारण निकाहचा खुत्बा आणि पाहुण्यांचे स्वागत त्यावरच होते. लग्नाच्या कामाला दोन चांगले चॅनेल पुरतात. चार चॅनेलच्या मोहात कर्ज काढू नये. रमजानमध्ये निकाह जवळजवळ थांबतात, चातुर्मासात हिंदू लग्नांचे मुहूर्त आटतात, हप्ता मात्र थांबत नाही. जुना मिक्सर घेत असाल तर प्रत्येक फेडर हळूहळू सरकवून खरखर ऐका आणि सुटे भाग कुठे मिळतात ते आधी विचारा.

आता स्पीकर का जळतो ते पाहू. पुष्कळांचा समज असा की जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो. प्रत्यक्षात लहान ॲम्प्लिफायरही जाळतो. सिग्नल मर्यादेपलीकडे ढकलला की लहरीचे माथे कापले जातात, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण क्लिप झालेला ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर हजार वॅटच्या जवळपास शक्ती बाहेर टाकू शकतो. शिवाय संगीतातल्या विसाव्याच्या जागा नाहीशा होतात आणि नाजूक ट्विटरची कॉइल तापतच राहते. मिक्सरवरचा लाल दिवा म्हणजे हीच सूचना. त्याला शोभेचा दिवा समजणारा डीजे हॉलमालकाच्या पैशाने शिकत असतो.

म्हणून मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये लिमिटर किंवा स्पीकर प्रोसेसर हवाच. तो मालकाचा असावा, कुलूपबंद रॅकमध्ये असावा आणि त्याचा पासवर्ड डीजेला देऊ नये. हिशेब सोपा आहे. वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढले की व्होल्ट मिळतात. ८ ओहमच्या, सतत ४०० वॅट पेलणाऱ्या स्पीकरला हा आकडा सुमारे ५६ व्होल्ट येतो. लिमिटर त्याच्या आतच बसवावा. वॅट धरताना सततचा आकडा धरावा. जाहिरातीतला पीक आकडा बहुधा त्याच्या चौपट असतो. मात्र मिक्सरमध्येच फाटलेला आवाज कोणताही लिमिटर शिवू शकत नाही. तिथे डीजेचा हातच आवरता असावा लागतो.

विजेकडेही लक्ष हवे. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला तर २३० व्होल्टच्या यंत्रावर ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. अर्थिंग आणि न्यूट्रल हंगामापूर्वी वायरमनकडून तपासून घ्यावेत. चालू करताना मिक्सर आधी व ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना ॲम्प्लिफायर आधी, हा क्रम भिंतीवर लिहून लावावा.

डीजे म्हणतात, “यजमानच आवाज वाढवा म्हणतो, आम्ही काय करणार?” त्याला उत्तर कायद्यात आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० नंतर बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, उघड्या लॉनला ती नाही. आपल्याकडे ज्याला ‘डॉल्बी’ म्हणतात त्या भिंतींचे काय झाले तेही आठवावे. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जनाच्या तोंडावर व्यावसायिकांची संघटना उच्च न्यायालयात गेली, पण बंदी उठली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीविषयी त्याच न्यायालयाने म्हटले की, गणेशोत्सवात जे घातक ते ईदलाही घातक. दणदणाटावर उभारलेला धंदा एका आदेशाने बसतो. निकाहात डीजे असावा की नसावा, हे उलेमांना विचारावे. आम्ही धंद्याच्या पानावर एवढेच म्हणतो की, जे काम पत्करले ते नेकीने करावे.

शेवटचे भांडवल म्हणजे कान. याच सांगली जिल्ह्यात मिरजेच्या शिकलगार कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या सतार-तंबोरे घडवले आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तो लौकिक हाताइतकाच कानाचा आहे. १०० डेसिबलमध्ये सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटांची मानली जाते आणि डीजे तर तिथे चार-चार तास उभा असतो. कानात प्लग घालण्यात कमीपणा नाही.

हॉलमालकांनी बुकिंगच्या पावतीवर चार ओळी छापाव्यात: लिमिटरला हात लावणार नाही, लाल दिवा लागू देणार नाही, कार्यक्रमापूर्वी व नंतर प्रत्येक स्पीकर दोघांनी मिळून ऐकायचा, आणि बिघाडाची भरपाई कोण व किती देणार. कुराणाने उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. हजारो रुपयांचे स्पीकर एका रात्रीसाठी परक्या हाती देताना आपण तेवढेही लिहीत नाही, हे बदलले पाहिजे.