केस कापून दाखव, मग बोलू!

तुमच्यापैकी किती जणांनी आत्तापर्यंत जॉबसाठी इंटरव्ह्यू दिलाय? तयारी काय केली होती? स्वतःची ओळख करून देणारं पाठ केलेलं उत्तर, ‘तुमची वीकनेस काय?’ यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आणि मित्राकडून मागून आणलेला फॉर्मल शर्ट. बरोबर ना?

आता एक वेगळा इंटरव्ह्यू ऐका. माझी कॉलेजची एक मैत्रीण हेअरड्रेसर आहे. बीकॉम झाल्यावर तिने हेअरचा कोर्स केला, एका सलूनमध्ये दोन वर्षं काढली आणि आता ती नवीन जागा शोधत होती. एका मोठ्या, चकाचक सलूनमधून तिला फोन आला. सीव्ही वगैरे राहू दे, स्वतःची कात्री आण आणि एक मॉडेल घेऊन ये, एवढाच निरोप. मॉडेल म्हणजे रॅम्पवरची नाही हं! केस कापून घ्यायला तयार असेल अशी कुणीही. ती ‘कुणीही’ म्हणजे मी.

माझे केस कुरळे. तिथल्या सीनियरने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिला म्हणाला, “लेअर्स कर.” मला वाटलं, आता ही लगेच कात्री उचलणार. तर हिने आधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. रोज केस मोकळे सोडतेस की बांधतेस? याआधी स्ट्रेटनिंग, कलर काही केलंय? मला वर्षानुवर्षं ओळखणारी ही मुलगी मी अनोळखी क्लायंट असल्यासारखी बोलत होती. मग केसांचे भाग पाडून क्लिप लावल्या, मापासाठी आधी एकच बट कापली आणि बाकीचे केस त्या बटेच्या हिशेबाने. तेही बेतानेच, कारण ओले कुरळे केस वाळले की आखडतात. ओले असताना खांद्यापर्यंत कापलेले केस वाळल्यावर कानापाशी गेले, तर ते परत कोण आणून देणार?

सीनियर मागे हाताची घडी घालून उभा. मध्येच त्याचा प्रश्न, “क्लायंट घाईत आहे, कलर आत्ताच हवाय. पॅच टेस्ट केलेली नाही. काय करशील?”

“नाही करणार. कानामागे थोडासा कलर लावून ४८ तास थांबायला सांगेन. ॲलर्जी निघाली तर?”

तेव्हा मनात आलं, आपण देतो ते इंटरव्ह्यू किती फसवे असतात! इथे पाठांतर चालत नाही, मित्राची असाइनमेंट कॉपी-पेस्ट करता येत नाही. तासाभरात हातातलं कौशल्य उघडं पडतं. मला विचाराल तर प्रत्येक नोकरीत असाच इंटरव्ह्यू हवा.

पण खरा सीन पुढेच होता. मॅनेजर मॅडम खुश होत्या. म्हणाल्या, “छान आहे हात. उद्यापासून आठवडाभर ट्रायलवर ये, मग बघू.” ट्रायल कुणावर? तर सलूनमध्ये येणाऱ्या, पूर्ण बिल भरणाऱ्या क्लायंटवर. मैत्रिणीने शांतपणे विचारलं, “ट्रायलच्या दिवसांचे किती मिळतील?” उत्तर आलं, “ट्रायलचे पैसे नसतात गं.”

मी खालून तिला चिमटा काढत होते. मिळतोय जॉब तर गप्प बस की! पण ती थांबली नाही. फिक्स पगार किती, इन्सेंटिव्ह किती रुपयांच्या कामानंतर सुरू होतो, आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, बाँड आहे का, ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करावं लागतं का? मॅडमचं हसू एकेका प्रश्नागणिक कमी होत गेलं. शेवटी, “कळवतो.”

परत येताना मी वैतागले होते. तेव्हा तिने पहिल्या नोकरीच्या शोधातला किस्सा सांगितला. एका ठिकाणी तिने बारा दिवस ‘ट्रायल’ दिली होती. सकाळी दहा ते रात्री नऊ. ऐन लग्नसराई. गर्दी ओसरली आणि तेराव्या दिवशी तिला सांगण्यात आलं, ‘कळवतो’. हातात बसभाड्याचेही पैसे नाहीत. तिच्या जागी लगेच दुसरी मुलगी आली, तीही ट्रायलवर!

सलूनवाल्यांचीही बाजू आहे, मान्य. सर्टिफिकेट बघून हात कळत नाही आणि एक कट बिघडला की कायमचा क्लायंट जातो. म्हणून मॉडेलवर एक-दोन कट करून बघा, प्रश्न विचारा, तासभर घासून घ्या. ती झाली परीक्षा. पण ज्या कटचं बिल गल्ल्यात जमा होतं, ते काम आहे आणि कामाला दाम हवाच. त्याला ट्रायल म्हटल्याने तो फुकट होत नाही.

‘केस कापणाऱ्यांनी एवढं काय विचारायचं?’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर थोडा इतिहास. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. सत्यशोधक चळवळीतले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर, सिनेमाच्या सेटवर बायकांनी फक्त हेअरड्रेसर व्हायचं, मेकअप आर्टिस्टचं कार्ड पुरुषांनाच, असा मुंबईतल्या संघटनेचा नियम होता. चारू खुराना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बेकायदा ठरवला. या धंद्यात मान खाली घालतो तो खुर्चीत बसलेला गिऱ्हाईक. कात्री धरणाऱ्याने ती घालायची गरज नाही.

आणि दोस्तांनो, हे फक्त सलूनपुरतं नाही. ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणत तीन-तीन महिने फुकट इंटर्नशिप करणारे आपणच ना? इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हटलं की ‘नो सर’ म्हणून उठणारेही आपणच. पुढच्या वेळी उठू नका. ट्रायल किती दिवस, त्याचे पैसे किती, पगार नक्की कधी, हे विचारा आणि ठरलेलं लेखी मागा. निदान मेसेजवर तरी. त्याने एखादा जॉब हातचा जाईलही. मैत्रिणीचा गेला. त्या सलूनमधून आजतागायत फोन आलेला नाही.

ती आता एका लहान सलूनमध्ये आहे. पगार त्या मोठ्या जागेपेक्षा थोडा कमी, एसीही अधूनमधून रुसतो. पण पहिल्या दोन दिवसांच्या ट्रायलचे पैसे तिला तिसऱ्या दिवशी मिळाले.

आणि माझे लेअर्स? वाळल्यावरही बरोब्बर खांद्यावर आहेत.