भोंगा बंद झाला, चूल नाही

सोलापूरच्या गिरण्यांची आठवण निघाली की सगळं येतं. १८७७ ची जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, चिमण्या, संप, १९३० चा मार्शल लॉ. येत नाही ती बाई! रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात बायका राबत होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

घरातल्या बाईचं तर घड्याळच भोंगा. भोंग्याआधी भाकरी थापून डबा भरायचा, नाहीतर नवऱ्याची पाळी चुकायची. माझ्या आईला घड्याळात बघायची सवय फार उशिरा लागली.

जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या. आमच्या चाळीतले पुरुष देणी मिळतील म्हणून तारखा मोजत बसले. (दोष नाही देत, पण बसले.) पोरांच्या फिया मात्र थांबत नव्हत्या. मग बायकांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून विकली. त्यावर आम्ही मुली शिकलो. याला कुणी गिरणीचा इतिहास म्हणत नाही. मी म्हणते.

गिरण्यांचं स्मारक जरूर करा. पण चिमणीच्या फोटोशेजारी मला ते सूप पाहिजे, रिळिंगवालीचा बिल्ला पाहिजे. मैत्रिणींनो, माळ्यावर असं काही असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. आणि गिरणीत गेलेली सासू, आजेसासू घरात असेल तर तिला एकदा विचारा, पहिल्या पगाराचं काय केलंत हो?