गार्ड काढलेली मशीन नको

ग्रिल, शटर, जिने बनविणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांच्या कारखान्यांत १४ इंची कट-ऑफ मशीन आता सर्रास दिसते. तिच्यामुळे काम झपाट्याने उरकते, यात शंका नाही. परंतु मोठा जॉब बसत नाही, कापण्याची खूण दिसत नाही, अशा सबबी सांगून चकतीवरचा गार्ड काढून ठेवण्याची सवय अनेकांना लागली आहे. ती बंद झालीच पाहिजे.

ही चकती मिनिटाला ४,०००च्या आसपास फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात जातो. ती फुटली, तर तुकडे अडविणारा फक्त गार्डच असतो.

चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावी. पडलेली, भिजलेली किंवा मुदत संपलेली चकती लावू नये. नवी चकती बसविल्यावर बाजूला उभे राहून मिनिटभर रिकामी फिरवावी. जॉब हाताने न धरता शिकंज्यात घट्ट आवळावा. चकतीच्या बाजूवर काहीही घासू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. सैल बाह्या आणि गळ्यातला रुमाल नको.

यात मोठा खर्च नाही. चकती नवी आणता येते, कारागिराचा डोळा आणता येत नाही. मालक स्वतः गार्डशिवाय कापत असेल, तर शिकाऊ मुलगाही तेच शिकणार. म्हणून काढून ठेवलेला गार्ड मालकांनी आजच आपल्या हाताने बसवावा.