उसने ॲक्सल, नवी स्प्रिंग

अवघ्या २५० पौंडांत घरी स्पोर्ट्स मोटार बांधण्याचे पुस्तक इंग्लंडातील शिक्षक रॉन चॅम्पियन यांनी १९९६ साली लिहिले. (आमच्याच व्यवसायातले, म्हणून अंमळ अधिक कौतुक!) जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे मागचे ॲक्सल त्यांनी घेतले, कमानपाटे मात्र टाकले. उसनवारीत ही निवड कशाला, असे आम्हांस प्रथम वाटले. परंतु ते पाटे सुमारे ९०० किलोंच्या गाडीसाठी घडविलेले; नवी गाडी सहाशेच्या आसपास. तिच्याखाली ते पुरते दबतच नाहीत आणि खड्ड्यावर चाक रस्ता सोडते. म्हणून ॲक्सलला ब्रॅकेट जोडून मळसूत्री स्प्रिंगा बसवितात. ते वेल्डिंग मात्र हौशी हातांचे नसावे. भर वळणावर तो सांधा उकलला, तर चालकाच्या जिवावर बेतते. शिकाऊ मुलांचे सांधे आम्ही हातोडीने ठोकून पारखतो. येथे तेवढ्याने भागणार नाही.