रेडिओचा धनी कोण?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडण्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका वडीलधाऱ्या बाईंनी आम्हांस थांबवून विचारले, "फादर, आमच्या रेडिओचा मालक बदलला म्हणतात. आता गाणी बंद व्हायची काय?" टोपलीशेजारी त्यांचा लहानसा रेडिओ वाजतच होता. गाणी बंद होणार नाहीत, असे सांगून आम्ही पुढे निघालो. परंतु प्रश्न काही सुटला नाही.

गोमंतकात रेडिओने पुष्कळ धनी पाहिले आहेत. १९४६ साली पोर्तुगीज राजवटीत 'एमिसोरा द गोवा' सुरू झाले. डिसेंबर १९६१ मध्ये ती राजवटच संपली आणि १९६२ च्या जानेवारीत त्या जागी आकाशवाणी बोलू लागली. १९९३ साली आकाशवाणीने मोजक्या शहरांत आपल्या एफ.एम.वरील वेळ खाजगी मंडळींस विकण्यास आरंभ केला. त्यांत गोवाही होता. १९९८ मध्ये सरकारने ते करार पुढे चालविले नाहीत, आणि ओळखीचे झालेले आवाज नाहीसे झाले.

पुढे स्वतंत्र खाजगी केंद्रे आली. त्यांपैकी ९२.७ वरील 'बिग एफ.एम.' मूळचे अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहाचे. २०१९ साली 'रेडिओ सिटी'च्या कंपनीने हे सारे जाळे १,०५० कोटी रुपयांच्या हिशेबाने घेण्याचे ठरविले. तो सौदा फिसकटला. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, आणि मे २०२४ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने 'सफायर मीडिया'ची योजना मान्य केली. रक्कम सुमारे २६१ कोटी. देशभरातील ५८ केंद्रे एकाच गाठोड्यात गेली, त्यांत आपले गोव्याचेही. आमच्याकडे बैल विकावयाचा झाला तरी घरात चार वेळा बोलणे होते. येथे ऐकणाऱ्यांस कोणी अवाक्षरही विचारले नाही.

पण विकले गेले ते नेमके काय? आकाशलहरी नव्हेत. त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच दिला आहे. कंपनीजवळ असतो तो मुदतीचा परवाना. आपल्या भाषेत सांगावयाचे तर भाट आपले. बदलले ते खंडाने घेणारे कूळ. मात्र भाटकाराला आपण भाटकार आहोत हेच ठाऊक नाही!

खाजगी केंद्रास स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा ऐकविता येतात. (गाण्यांस मोकळीक आणि बातमीस बंदी, हा न्याय आम्हांस कधीच उमगला नाही.) परंतु २०११ च्या धोरणाप्रमाणे हवामान, रहदारी, सणउत्सव, परीक्षांचे निकाल, नोकऱ्या, तसेच प्रशासनाकडून आलेल्या वीज, पाणी व नैसर्गिक आपत्तीच्या सूचना ह्या बातम्या गणल्या जात नाहीत. त्या खुशाल देता येतात. जुलै २०२१ मध्ये शापोरा नदी चढून साळ, इब्रामपूर येथे घरांत पाणी शिरले, हे वाचकांस आठवत असेल. अशा रात्री दोन गाण्यांमध्ये, म्हातारीलाही समजेल अशा कोंकणी-मराठीत एक सूचना मागणे हा हट्ट नव्हे. धनी कोणीही असो, ते मागता येते.

त्या बाईंची नात दहावीत आहे आणि अक्षर चांगले काढते. येत्या शुक्रवारी तिला कागद घेऊन बाजारात येण्यास आम्ही सांगणार आहोत. मजकूर आजीने सांगावयाचा.